राहिलेला नारळ

मीनानं टी-शर्ट उलटा करून शिवण पाहिली आणि मगच तो अंगात घातला. गळ्याची पट्टी एका बाजूला ओढली गेली होती आणि डाव्या बाहीचा धागा सुटला होता. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात इतकी वर्षं मशीनवर बसलेल्या बाईच्या नजरेतून असलं काम सुटत नाही. पण आज तिला शिवण बघायचीच नव्हती. छातीवरचा फोटो बघावा लागू नये म्हणून ती शिवण बघत होती. पंजाबी ड्रेसवर तो पांढरा टी-शर्ट चढवून झाल्यावर तिनं ओढणी दोन्ही खांद्यांवरून पुढं घेतली आणि मधोमध पिन लावली. फोटो झाकला गेला.

"आत्या, ओढणी मागं टाका की. प्रिया दिसंना झाली," दिपक म्हणाला.

"गार वाजतंय रे."

"चालायला लागलो की घाम येतोय बघा."

"आला की टाकते."

दिपक प्रियाच्या, म्हणजे संघप्रियाच्या, वर्गातला. कॉलेजात भटकंती करणारी जी टोळी होती तिचा हा म्होरक्या, आणि आजचा सगळा घाट त्यानंच घातला होता. संघप्रियाच्या नावानं चालायचं, जो जेवढं चालेल त्या हिशेबानं त्याच्या ओळखीच्यांनी कावीळ आणि यकृताच्या रुग्णांसाठी मदत द्यायची, अशी ती कल्पना. सोलापुरात देणगी मागितली तर लोक देतात नाहीतर नाही म्हणतात, आधी चालून दाखवा असं कुणी म्हणत नाही. त्यामुळं सुरुवातीला सगळे हसले होते. पण आज रविवारी भल्या सकाळी सात रस्त्याच्या कोपऱ्यावर, चहाच्या गाड्याभोवती, बरीच गर्दी जमली होती. पोरं, पोरी, यशपालच्या शाळेतले शिक्षक, विहारातल्या बायका. सगळ्यांच्या छातीवर एकच चेहरा हसत होता.

यशपाल मीनाचा थोरला भाऊ. त्याची बायको लेक लहान असतानाच गेली आणि मीना नवऱ्यामागं माहेरी परतली होती, म्हणून संघप्रिया आत्याच्याच हाताखाली वाढली. आता यशपाल घोळक्यापासून थोडा लांब उभा राहून पाठीवरच्या सॅकचे पट्टे आवळत होता. सॅक प्रियाची होती. निळी, खिशाची चेन तुटलेली. मीना त्याच्याजवळ गेली.

"दादा, ती सॅक दे माझ्याकडं. तुझी कंबर दुखतीय."

"नको."

"अर्ध्या वाटेपर्यंत तरी."

"नको म्हटलं ना. हे ओझं माझं आहे, मीना."

हे तो गेले कित्येक महिने या ना त्या शब्दांत म्हणत आला होता. आताही निघण्याआधी दिपकनं त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा तो तेच बोलला. पोरगी घरात आजारी होती आणि बाप पुण्याला प्रशिक्षणात बसून टिपणं काढत होता. रोज संध्याकाळी फोनवर बरी आहे ऐकलं आणि तेवढ्यावर झोपी गेला. उशीर मी केला, तुम्ही करू नका. बोलताना त्याचा आवाज कापला नाही, कारण हे सगळं त्याला आता पाठ झालं होतं. विहारातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मीना चपलेचा बंद नीट करायला खाली वाकली आणि तो बोलायचा थांबेपर्यंत वाकूनच राहिली.

चालणं सुरू झालं. पुढं फलक घेतलेली पोरं आणि सगळ्यांच्या मागं मकदूमचा छोटा हत्ती टेम्पो, पाण्याचे कॅन आणि केळी घेऊन. मकदूम त्यांच्या गल्लीतला. प्रियाच्या शेवटच्या दिवशी दवाखान्यात तिला त्याच गाडीतून नेलं होतं, पण ते कुणी बोललं नाही. शहर मागं पडलं, अक्कलकोटच्या दिशेचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना ज्वारीची ताटं कणसं घेऊन उभी होती. पोरं गाणी म्हणत होती. जायचं होतं पवनचक्क्यांच्या टेकडीवर, कारण प्रियाला ती टेकडी आवडायची. आणि टेकडीची वाट चिंचहळ्ळी गावातून जात होती.

वाट ठरत होती तेव्हा मीनानं विरोध करून पाहिला होता. त्या रस्त्यावर ट्रक लई असतात, म्हणाली. दुसऱ्या बाजूनं तळ्यावर जाऊ, सावली तरी मिळंल, म्हणाली. दिपकनं तिला समजावलं की आत्या, प्रिया याच वाटेनं जायची. यापुढं काय बोलणार? चिंचहळ्ळीला का जायचं नाही हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तिनं मनाशी एवढंच ठरवलं की गाव आलं की गाडीच्या आड उभं राहायचं, पाणी प्यायचं नाही, मान वर करायची नाही, पुढं निघायचं.

चिंचहळ्ळीत चनबसप्पा नावाचा म्हातारा काविळीचं औषध देतो. गुरुवारी आणि रविवारी, ऊन डोक्यावर यायच्या आत, रोग्यानं उपाशीपोटी यायचं. कसल्या तरी पाल्याचा रस तो दुधातून पाजतो, तोच रस हाताला चोळतो आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो. पाणी पिवळंधमक होतं. कावीळ उतरली, लोक म्हणतात. म्हातारा पैसे घेत नाही. बरं वाटलं की रोग्याच्या माणसांनी परत येऊन एक नारळ ठेवायचा, एवढीच त्याची रीत. मात्र पथ्य कडक. तेल नाही, हळद नाही, आणि त्याचं औषध चालू आहे तोवर डॉक्टरची गोळी नाही, सुई नाही.

यशपालच्या घरात हे चालण्यासारखं नव्हतं. दारावर बाबासाहेबांचा फोटो, कपाट भरून पुस्तकं, आणि शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस. त्यानं पुण्याला जाताना बजावलं होतं, डॉक्टरचंच करायचं, कुणाचं ऐकून कुठं नेऊ नको. मीनाला तेव्हा ते पटलंही होतं. पण कारखान्यातल्या बायका रोज जेवणाच्या सुट्टीत सांगत, अगं काविळीला डॉक्टरकडं औषधच नसतं, ते नुसतं सलाइन लावतात. माझा दीर, माझी जाऊबाई, माझा भाचा, सगळे चिंचहळ्ळीला बरे झाले. आणि इकडं प्रिया डोळ्यांदेखत पिवळी पडत चाललेली. मीनाचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. तिनं दादाला न सांगता पोरीला नेलं.

प्रिया वाटेत हसली होती. "आत्या, बाबांना कळलं तर आपली दोघींची शाळा घेतील," म्हणाली. "पण तुझं समाधान होत असंल तर चल."

तुझं समाधान. मीनाला हे दोन शब्द मशीनवर बसल्या बसल्या ऐकू येत आणि शिलाई वाकडी जाई. त्या रविवारी परातीतलं पिवळं पाणी बघून तिचं समाधान खरंच झालं होतं. त्यांच्यात नारळ वाहत नाहीत, तरी तिनं तो तोंडभरून कबूल केला. घरी आल्यावर डॉक्टरच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसल्या. रक्त पुन्हा तपासायला बोलावलं होतं, ते टाळलं. पुढच्या रविवारी परत नेलं. प्रियाला उलट्या झाल्या तर कावीळ बाहेर पडतेय म्हणाली. मग पोरगी झोपायला लागली. रात्री झोपली ती दिवसाही झोपली, आणि मीनाला वाटलं, औषध लागू पडलं. तिनं टीव्ही बंद केला, गल्लीत खेळणाऱ्या पोरांना ओरडून गप्प केलं, खिडकीला चादर लावली. झोपू दे म्हणाली लेकराला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, दुसरं कुठलं औषध दिलं होतं का? यशपाल पुण्याहून थेट तिथं पोचलेला, शेजारीच उभा होता. मीनानं मान हलवून नाही म्हटलं. तेवढ्या एका नाहीवर यशपालनं सगळा दोष उचलून स्वतःच्या पाठीवर घेतला, आणि तिनं तो घेऊ दिला.

चिंचहळ्ळी आली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. चनबसप्पाचं अंगण रस्त्याला लागूनच. मोठा कडुनिंब, त्याच्याखाली रांगेत बसलेली माणसं, आणि भिंतीशी नारळांचा ढीग. मीनानं मान खाली घातली आणि गाडीच्या मागच्या चाकाशी जाऊन उभी राहिली. पोरं मात्र सावली बघून थेट कडुनिंबाखालीच शिरली. एवढी शहरातली मंडळी दारात आलेली बघून म्हातारा औषध सोडून उठला. कपाळाला भस्म, अंगात बंडी. त्यानं आतून ताकाची कळशी मागवली आणि स्वतःच पेले भरू लागला.

"बर्री, बर्री, या या. बसा की वो. उन्हाचं कुटं निगालाव एवढी?"

यशपालनं एका दगडावर बसून बूट काढला आणि आतला खडा झटकला. त्याच्या हातात कुणीतरी ताकाचा पेला दिला. मीना हे सगळं गाडीआडून बघत होती. आता उठतील, आता निघतील, असं ती मनात म्हणत होती. तेवढ्यात म्हातारा पेला घेऊन गाडीच्या मागं आला. यजमान म्हटला की एखादं माणूस उपाशी राहिलेलं त्याला बरोबर दिसतं.

"घ्या बाई." त्यानं पेला पुढं केला आणि हात तसाच ठेवून तिच्या तोंडाकडं बघितलं. "तुमी आलता की मागं. पावसाळ्यात. कॉलेजातली पोरगी घिऊन. वळखलो बगा मी."

मीनानं पेला घेतला.

"नारळ ऱ्हायला की तुमचा," म्हातारा हसला. त्यात राग नव्हता, नुसती थट्टा होती. "बरी झाली की मानसं इसरत्यात. जाऊ द्या. पोरगी कशी हाय?"

बरी आहे म्हणायचं, पुढच्या रविवारी नारळ आणते म्हणायचं, की सुटले. मीनाचे ओठ तेवढ्यासाठी उघडलेही. पण रांगेत पहिली बसलेली बाई ते ऐकून पुढं सरकली होती. चाळिशीची असेल, हातात हिरवा चुडा, डोळ्यांत जागरण. तिच्या मांडीवर डोकं टाकून एक परकरातली मुलगी पडली होती. वयात येऊ घातलेली, आणि रंग हळदीसारखा पिवळा.

"अक्का, तुमच्या पोरीला गुन आला का वो?" बाईनं विचारलं. "आमचा दुसरा रविवार हाय."

मीना त्या मुलीकडं बघत राहिली. एवढा गलबला चालला होता, पोरं हसत होती, पेले वाजत होते, पण त्या मुलीची पापणी हलत नव्हती.

"कधीपासून झोपलीय?" मीनानं विचारलं.

"काल दुपारपास्नं. हलवलं की डोळं उघडती, परत झोपती. औषद लागू पडलं म्हनत्यात सगळी."

"डॉक्टरच्या गोळ्या?"

बाईनं म्हाताऱ्याकडं चोरून बघितलं. "न्हाय दिल्या. पथ्य पाळलंय की आमी."

"इचार त्यास्नी, निंगव्वा," म्हातारा कौतुकानं म्हणाला. "त्यांच्या पोरीचं पानी कसलं पिवळं निगालतं."

मीनानं पेला गाडीच्या फळीवर ठेवला. तिनं पिन काढायचा प्रयत्न केला, पण घाईत ती अंगठ्यात घुसली. तिनं ती उपसून काढली आणि ओढणी दोन्ही हातांनी मागं टाकली.

"हीच ती," ती म्हणाली.

म्हाताऱ्याला फोटोखालचं नाव वाचता येत नसावं. पण फोटोला छापलेला हार घातला होता, आणि हार कुणालाही वाचता येतो.

"ह्याच झाडाखाली बसवली होती मी हिला," मीना निंगव्वाला म्हणाली. आपला आवाज केवढा चढलाय हे तिला कळत नव्हतं. "तुझ्यासारखंच सगळं पथ्य पाळलं. गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवल्या. घरात सांगितलं नाही, दवाखान्यात विचारलं तरी सांगितलं नाही. अशीच झोपत होती ती. मी म्हटलं गुण आला. मी खिडकीला चादर लावली गं तिला झोप लागावी म्हणून." तिला श्वास घ्यायला थांबावं लागलं. मग ती म्हाताऱ्याकडं वळली. "नारळ कशाचा आणू, मामा?"

चनबसप्पा फोटोकडं बघत होता. मग त्यानं भिंतीशी असलेल्या नारळांच्या ढिगाकडं बघितलं.

"मला कुनी येऊन सांगिटलंच न्हाय," तो म्हणाला. "नारळ घिऊन येनारी तेवढी येत्यात."

मीनाला शेजारी एक बूट दिसला. दुसरा पाय नुसत्या मोज्यात होता. तिनं मान वर केली नाही. यशपाल तिथं केव्हापासून उभा होता कोण जाणे, पण त्याच्या हातातला पेला भरलेला होता आणि त्यानं एकही घोट घेतलेला नव्हता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं सगळ्यांसमोर दोन थोबाडीत दिल्या असत्या तर तिनं गाल पुढं केला असता. तो पुढं झाला, एका बुटानिशी निंगव्वाजवळ उकिडवा बसला आणि शाळेत पोरींशी बोलतो तसा बोलला.

"नाव काय बाळ तुझं?"

मुलगी बोलली नाही.

"महादेवी," आईनं सांगितलं.

"महादेवी, डोळे उघड बघू."

पापण्या जराशा हलल्या आणि मिटल्या. यशपाल उठला.

"मकदूम, पाण्याचे कॅन उतरव. गाडी वळव."

"नंबर आलाय वो माझा," निंगव्वा घाबरून म्हणाली. "उपाशी ठिवलीया तिला. तेवढं औषद होऊ द्या, मग..."

तिनं म्हाताऱ्याकडं बघितलं. तो नको म्हणाला असता तर ती उठली नसती, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. म्हाताऱ्यानं हातातली कळशी खाली ठेवली.

"जा यव्वा," तो म्हणाला. "आदी तिकडं जा."

दिपक आणि मकदूमनं मुलीला उचलून गाडीच्या हौद्यात ठेवलं. निंगव्वा चढली आणि तिनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. मीना फळीला धरून उभी होती. आपण चढावं की इथंच राहावं हे तिला सुचत नव्हतं. यशपालनं पाठीवरची सॅक काढली. पट्ट्यांखाली टी-शर्ट घामानं भिजून अंगाला चिकटला होता. त्यानं सॅक तिच्या हातात दिली.

"दवाखाना तुला माहीत आहे," तो म्हणाला.

"दादा..."

"डॉक्टर विचारतील. या खेपेला सगळं सांग."

मग तो दगडाकडं गेला, दुसरा बूट घातला, नाडी बांधली आणि टेकडीच्या वाटेला लागला. त्यानं मागं वळून बघितलं नाही. पोरं एकमेकांकडं बघत उठली आणि फलक उचलून त्याच्या मागून निघाली. मोकळ्या पाठीनं चालायची सवय मोडल्यासारखा तो जरा पुढं झुकूनच चालत होता.

मीना हौद्यात चढली. सॅकमध्ये पाण्याची बाटली आणि प्रियाची टोपी याशिवाय काही नव्हतं, सकाळी तिनंच भरली होती. तरी ती जड लागली. तिनं दोन्ही पट्टे खांद्यांवर चढवले आणि महादेवीच्या गालावर हात ठेवला. मकदूमनं गाडी अलगद काढली, खड्डे चुकवत, आवाज न करता.

"मकदूम, हॉर्न वाजव," मीना म्हणाली.

"रस्ता मोकळा आहे, ताई."

"असू दे. वाजवत राहा." ती वाकून मुलीच्या कानाशी गेली आणि मोठ्यानं हाका मारू लागली. "महादेवी. ए महादेवी. उठ. झोपायचं नाही."